भरणीचा नळ

पेरिहानबाईंची कॉम्बी स्वयंपाकघराच्या काचबंद बाल्कनीत भिंतीवर टांगलेली होती, आणि गेली सहा वर्षं तिची सकाळची चाकरी बाईंचे यजमान रिफतबे करत होते. पांढरा डबाच तो, पण नळाला गरम पाणी तोच देणार आणि घरभरच्या रेडिएटरांत ऊबही तोच खेळवणार. सिवास शहराच्या हिवाळ्यात हा डबा रुसला की भले भले लोक अंथरूण काखेत मारून मेहुण्याच्या दारात उभे राहतात.

ह्या घरच्या कॉम्बीची खोड अशी की रात्रीतून तिच्या पाण्याचा दाब उतरायचा. काटा दीडवर हवा, तो सकाळी एकवर आलेला असायचा. मग रिफतबे पहाटेचा नमाज उरकून, पायजम्यावर ओव्हरकोट चढवून बाल्कनीत जायचे, डब्याखालचा भरणीचा छोटा काळा नळ उघडायचे, मोठ्याने दहा आकडे मोजायचे आणि नळ बंद करायचे. दहा मोजले की दीड, हे त्यांचं ठरलेलं गणित. नंतर झोपायच्या खोलीच्या दाराशी येऊन "भरली गं" म्हणून वर्दी द्यायचे. रेल्वेच्या कारखान्यात अडतीस वर्षं मुकादमी केलेला माणूस. निवृत्तीनंतर हाताखाली उरलेलं यंत्र हे एवढंच.

दोन वर्षांपासून मात्र रिफतबे विसरायला लागले होते. आधी नावं गेली, मग चाव्या. एकदा पाव आणायला गेले आणि कुणाचीतरी छत्री घेऊन आले. पेरिहानबाईंनी ह्यातलं काहीही दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. चिनार अपार्टमेंटमध्ये सोळा घरं. तळमजल्यावर शिंकलं तर चौथ्या मजल्यावरून दुवा येते. अशा ठिकाणी ताकास तूर लागू न देणं सोपं नव्हे. जिन्यात कुणी म्हणालं, की रिफतबे हाक मारली तरी बघत नाहीत, तर बाई म्हणायच्या, "कानांनी कमी ऐकू येतंय हो. यंत्र घ्या म्हणते, तर घेत नाहीत." सगळ्या इमारतीत ज्याच्या शब्दाला मान, त्या माणसाची कीव कुणी करू नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या वाटेल ते बोलायला तयार होत्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेलामी मिस्त्री वर्षाच्या तपासणीला आला. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. सोळाही घरांच्या कॉम्बी त्याच्याच हातच्या. कारखान्याच्या शाळेत उमेदवारी करताना रिफतबेंनीच त्याला कानस धरायला शिकवली होती, म्हणून ह्या घरी तो जरा जास्तच वेळ रेंगाळायचा. पेरिहानबाईंनी पाहुण्यांच्या सपाता पुढे केल्या, चहा ठेवला.

"मावशी, रोज पाणी भरायला कसं लागतं?" त्याने विचारलं. "ही बंद यंत्रणा. त्यातलं पाणी त्यातच फिरतं. रोज कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय."

"जातंय तर दिसेल ना रे कुठेतरी."

"तुम्ही बघत नाही तिथे जात असेल."

आणि तसंच निघालं. पाहुण्यांची खोली ईदेखेरीज उघडत नसे. तिथल्या रेडिएटरपुढे जडशीळ कोच, कोचावर पांढरी चादर, चादरीवर विणलेली जाळी. कोच सरकवला तर मागे सांध्यातून थेंब थेंब पाणी, आणि खाली गालिच्याला थाळीएवढा काळा डाग. पेरिहानबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं त्या चांगल्या खोलीची राखण करत होत्या, आणि खोली आतून कुजत होती.

सेलामीने सांधा बदलला, यंत्रणा भरून दिली, काटा दीडवर आणला. मग रिफतबेंकडे वळून म्हणाला, "काका, गळती मिटली. आता पाणी भरायचं नाही. त्या नळाला हात लावायचा नाही, बरं का."

मुकादमाने हाताखालच्या माणसाचा अहवाल ऐकावा तशी रिफतबेंनी मान हलवली. "ठीक."

चौथ्या दिवशी कॉम्बीखाली पाणी साचलं होतं.

काटा तीनला टेकला होता आणि सुरक्षेच्या झडपेतून धार लागली होती. सेलामी अर्ध्या तासात आला. त्याने पाणी सोडून दाब उतरवला आणि डोकं खाजवलं. "दाब पडत होता तो चढायला लागला. अजब आहे." मग जरा अंदाज घेत म्हणाला, "मावशी, सवयीने कुणी भरत तर नाही ना? म्हणजे काका..."

पेरिहानबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बरोबर दुखऱ्या जागीच बोट पडलं होतं. "अरे, काम बिघडलं तुझ्या हातून आणि घालतोस काकांवर? अडतीस वर्षं इंजिनं सांभाळली त्यांनी. तुझ्यासारखे पन्नास शिकवले. विचार, समोरच बसलेत."

रिफतबे ऑलिव्हची बी बशीत ठेवत म्हणाले, "मी? छे."

आणि ते खोटं बोलत नव्हते. पहाटे केलेलं न्याहारीपर्यंत त्यांच्या लक्षातच राहत नव्हतं. बाईंना सगळ्यात जास्त हेच नंतर लागलं, की त्या दिवशी सेलामीने योग्य तेच विचारलं होतं आणि त्यांनी त्याचं तोंड बंद केलं. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही.

मग बिचारा डब्याच्या आत शोध घ्यायला लागला. झडप नवी घातली. हवेची टाकी तपासली. चार दिवसांनी पुन्हा पाणी. तेव्हा त्याने एक युक्ती काढली. "मावशी, चार रात्री परीक्षा घेऊ. दोन रात्री झोपताना घराचा मुख्य नळ बंद करा, उठल्यावर उघडा. पुढच्या दोन रात्री उघडाच राहू द्या. झोपताना काटा कुठे, उठल्यावर कुठे, लिहून ठेवा."

पेरिहानबाईंनी कागद फ्रिजवर चिकटवला आणि शाळकरी अक्षरात आकडे मांडले. नळ बंद होता त्या दोन्ही रात्री काटा जागचा हलला नाही. उघडा होता त्या दोन्ही रात्री अर्धा अर्धा चढला. कागद बघून सेलामीचा चेहरा उजळला. "सापडलं! बाहेरचं पाणी आत झिरपतंय. नळाचं पाणी जिथे तापतं ती आतली पत्र्यांची जोडणी फुटली असणार. ती बदलायची." तर्कात कुठे खोट नव्हती. फक्त त्या तर्कात पहाटे उठणारा एक माणूस धरलेला नव्हता.

त्याने जोडणी बदलली. मजुरीचं नाव काढलं नाही. जाताना दारात म्हणाला, "आता नाही गळलं तर मला एक कप चहा जास्त."

पाचव्या दिवशी पेरिहानबाई डोक्याला साबण लावून न्हाणीत उभ्या होत्या, आणि कॉम्बी खाडकन बंद पडली. बाहेर उणे चौदा. नळातून जे पाणी आलं ते कवटीला सुया टोचाव्यात तसं आलं. बाई किंचाळल्या, टॉवेल गुंडाळून बाल्कनीत आल्या, तर खाली पुन्हा तळं आणि डब्यावर लाल दिवा. डोक्यात साबण तसाच होता आणि रागही. ओल्या बोटांनी त्यांनी फोन उचलला आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "शेजाऱ्यांनो, सावध. सेलामी मिस्त्रीने चांगली चालती कॉम्बी बिघडवून ठेवली. चार वेळा येऊन गेला. एक दुरुस्त करतो, दोन मोडतो. ज्याला आपल्या लेकराबाळांची काळजी आहे त्याने ह्याला दारात उभं करू नये."

ग्रुपमध्ये सेलामी स्वतः होता. कामं सोपी जावीत म्हणून व्यवस्थापक हिकमेतबेंनीच त्याला घेतलं होतं. बाईंना हे माहीत होतं. त्या क्षणी तर बरंच वाटलं होतं, की वाचू दे मेल्याला.

मग काय, आगीत तेल ओतायला इमारत टपलेलीच असते. दुसऱ्या मजल्यावरच्या नेर्मिनला आठवलं की तिच्या कॉम्बीतूनही शिट्टीसारखा आवाज येतो. कुणाला गेल्या वर्षीचं काही आठवलं. संध्याकाळपर्यंत तो मजकूर मागच्या इमारतीत पोचला, रात्रीपर्यंत गल्लीत. सेलामीने उत्तर म्हणून एक अक्षर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मात्र तो आला, न बोलावता. पेरिहानबाईंनी दार उघडलं, पण सपाता पुढे केल्या नाहीत. तो बूट काढून मोज्यांवरच गार फरशीवरून बाल्कनीत गेला. "मला पाव आणायचाय," बाई म्हणाल्या, "तोवर कर काय करायचं ते." चहाचं त्यांनी विचारलं नाही.

भट्टीवर रांग होती. परत आल्या तेव्हा सेलामी पिशवीची साखळी लावत होता. रिफतबे खिडकीशी खुर्चीत बसले होते आणि कधी नव्हे ते गाणं गुणगुणत होते.

"मावशी, माझ्याच्याने होत नाही," सेलामी म्हणाला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "आता गळणार नाही असं वाटतंय. पण पुढे काही झालं तर दुसऱ्या कुणाला बोलवा."

"म्हणजे कबूल आहे तर!"

"कबूल आहे."

दार लागल्याबरोबर बाईंनी ग्रुपवर ती बातमीही दिली: "स्वतःच्या तोंडाने कबूल करून गेला."

आणि त्यानंतर कॉम्बी सुतासारखी सरळ झाली. पूर्ण डिसेंबर काटा दीडवर, ना थेंब, ना लाल दिवा. जिन्यात कुणी विचारलं की पेरिहानबाई पदरचा एक विनोद ऐकवायच्या, "सेलामीने हात लावायचा सोडला आणि कॉम्बीची तब्येत सुधारली." लोक हसायचे. विनोद चांगलाच चालला. मागच्या इमारतीतल्या लोकांनी तर तो परत त्यांनाच ऐकवला.

जानेवारीत एका कंपनीचा माणूस आला. सोळाही कॉम्बींच्या देखभालीचा करार कंपनीला हवा होता, म्हणून फुकट तपासणी. पन्नाशीचा, इस्त्रीच्या गणवेशातला गृहस्थ. त्याने डबा उघडला, दिवा मारून आत बघितलं आणि म्हणाला, "बाईसाहेब, यंत्र उत्तम आहे. काम नीट केलेलं आहे." मग वाकून खाली बघितलं. "हे काय? भरणीच्या नळाच्या मागे आडवी झडप आहे बघा, पेचकसाने फिरवायची. ती कुणीतरी घट्ट बंद केलीय. असं असल्यावर नळ दिवसभर उघडा ठेवला तरी थेंब आत जाणार नाही."

"जुना मिस्त्री," पेरिहानबाई म्हणाल्या. "त्याचे पराक्रम विचारू नका."

दोघं हसले. त्या माणसाने पेचकस घालून झडप उघडली, नियमाप्रमाणे, आणि कागदावर सही घेऊन गेला.

चौथ्या दिवशी कॉम्बीखाली पाणी साचलं.

त्या रात्री पेरिहानबाईंची दाढ ठणकत होती. हल्ली रोज घ्यायच्या ती झोपेची गोळी घेऊनही डोळा लागला नव्हता. पहाटे नमाजानंतर रिफतबेंची पावलं खोलीकडे न येता स्वयंपाकघराकडे गेली तशा त्या उठल्या आणि मागोमाग गेल्या.

बाल्कनीत दिवा होता. रिफतबे ओव्हरकोटात वाकून उभे होते. काळ्या नळावर हात. "एक... दोन... तीन..." काट्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. चष्मा तर पलंगाशीच राहिला होता. आत पाणी घुसल्याचा आवाज येत होता. पण त्यांचा चेहरा! आज वार कोणता म्हणून विचारणारा, शर्टाची बटणं वरखाली लावणारा माणूस हा नव्हताच. हा कारखान्यातला मुकादम होता. दहा झाल्यावर त्यांनी नळ बंद केला, हात कोटाला पुसला आणि वळले.

"भरली गं," ते म्हणाले.

पेरिहानबाई पुढे झाल्या. "अहो, रोज भरता?"

"मग काय, आपोआप भरते?" रिफतबेंना हसू आलं. मग ते जरा ओशाळले. "तुला सांगणार नव्हतो. त्या पोरालाही म्हटलं होतं, हिला सांगू नकोस. ही मला आजकाल कशाला हात लावू देत नाही."

"कुठल्या पोराला?"

"आपला सेलामी. त्याच्यासमोरच भरली की. तू पावाला गेली होतीस. बघत उभा राहिला, मग माझा हात हातात घेतला. म्हणाला, काका, तुमचा हात अजून पक्का आहे. रोज असंच करत जा."

पेरिहानबाई मोरीच्या कडेला टेकल्या. आता सगळं लख्ख दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. सेलामीने बघितलं होतं. त्याला एका वाक्यात स्वतःला सोडवता आलं असतं. ग्रुपवर नुसतं "काकांना विचारा" लिहिलं असतं तरी पुरे होतं. त्याऐवजी त्याने मागची झडप बंद केली, म्हणजे काकांनी रोज उठावं, नळ उघडावा, दहा मोजावेत, आणि कुणाचं काही बिघडू नये. आणि स्वतः "कबूल आहे" म्हणून निघून गेला, तेही गार फरशीवरून, मोज्यांवर. ज्या माणसाला त्यांनी गल्लीभर बदनाम केलं, तो त्यांचंच गुपित पोटात घालून बसला होता.

त्याच रविवारी हिकमेतबेंच्या घरी इमारतीची बैठक होती. विषय एकच, कॉम्बींची देखभाल सेलामीकडे ठेवायची की कंपनीला द्यायची. पेरिहानबाई तीन दिवस स्वतःशी भांडत होत्या. बोलायला तर हवंच. पण बोलायचं काय? खरं सांगायचं तर रिफतबेंचं नाव घ्यावं लागणार. दोन वर्षं झाकलेलं सोळा घरांपुढे उघडं करायचं. उद्या जिन्यात लोक त्यांच्याशी सावकाश, मोठ्या आवाजात समजावल्यासारखं बोलणार, लहान मुलाशी बोलतात तसं. नाही. ते त्यांच्या हातून होणार नव्हतं. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मिस्त्री. कुठल्याही बाईने काय केलं असतं?

बैठकीत बिस्किटं फिरली, चहा झाला. हिकमेतबे म्हणाले, "पेरिहानताई, तुम्हीच सांगा. सगळ्यात जास्त सोसलंय तुम्ही."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. समोर नेर्मिन कौतुकाने बघत होती.

"मी काय सांगू," पेरिहानबाई म्हणाल्या. "सगळ्यांना माहीतच आहे."

कंपनीच्या बाजूने हात वर झाले. त्यात त्यांचाही होता. तो किती जड होता हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी फोनवर एक ओळ आली, 'सेलामी मिस्त्री ग्रुपमधून बाहेर पडले.'

सोमवारी कॉम्बी पुन्हा गळायला लागली. कंपनीच्या माणसाला बोलवावं तर तो कारण शोधणार. पेरिहानबाईंनी स्वतः पेचकस घेऊन त्या आडव्या झडपेशी झटापट केली. पेचकस घसरून बोटाला लागला, झडप जागची हलेना. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी सेलामीला फोन लावला. वाटलं होतं, उचलणार नाही. त्याने दुसऱ्या घंटेला उचलला.

"बोला मावशी."

"ती... मागची झडप," त्या म्हणाल्या.

"उघडली का कुणी?"

"कंपनीच्या माणसाने."

"बरं. चपट्या तोंडाचा मोठा पेचकस घ्या, लाल मुठीचा, काकांच्या पेटीत असेल. खाच पाण्याच्या दिशेने उभी आहे ना? ती आडवी करायची. पाव फेराच फक्त. जोर मनगटाने नका लावू, खांद्याने लावा."

फोन कान आणि खांद्यामध्ये धरून त्या वाकल्या. तो सांगत गेला, त्या करत गेल्या. झडप फिरली. तो म्हणाला, "आता काळा नळ उघडून बघा. आवाज येतो का?" नाही आला. "झालं. आता काकांना हवं तेवढं मोजू द्या."

"सेलामी," त्या म्हणाल्या, "तू कधी येशील? चहा तरी..."

"मी अंकाराला चाललोय मावशी, गुरुवारी. मेहुण्याच्या हाताखाली. दुकान देऊन टाकलं. इथे आता चालणार नव्हतं, मागच्या इमारतीनेही करार कंपनीलाच दिला." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मग पेरिहानबाईंचा बांध फुटला. "मी बैठकीत बोलायला हवं होतं रे. मला सगळं कळलं होतं. पण तुझ्या काकांचं नाव चारचौघांत कसं घेऊ? तूच सांग, कसं घेणार होते मी?"

"काकांचं नाव कशाला घ्यायचं होतं?" सेलामी म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. "'मीच चुकून नळ उघडत होते' एवढं म्हटलं असतंत, तरी माझं भागलं असतं."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ बाल्कनीतच उभ्या राहिल्या. एवढंसं वाक्य. तीन दिवस, तीन रात्री त्यांनी डोकं पिंजलं होतं. नवऱ्याचं नाव की मिस्त्रीचं नाव, असा तराजू धरून बसल्या होत्या. हे वाक्य त्यांच्या मनात चुकूनसुद्धा आलं नव्हतं. नवऱ्यासाठी वाटेल ते बोलायला तयार असलेल्या बाईला स्वतःची चूक झाली एवढं बोलायचं सुचलं नव्हतं. त्या रिफतबेंना झाकत होत्या हे खरं, पण पांघरुणाचं दुसरं टोक त्यांनी आपल्याच अंगावर ओढून घेतलं होतं, आणि सेलामी तेवढा उघडा पडला. स्वतःची इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी चष्मा लावला आणि लिहिलं: "शेजाऱ्यांनो, सेलामी मिस्त्रीने कॉम्बी पहिल्याच दिवशी नीट केली होती. त्याने बजावूनही मीच रोज भरणीचा नळ उघडत होते. मी विसरत होते. दोष माझा. त्याला मी नको ते बोलले, ते सगळं मागे घेते." दोनदा वाचलं आणि पाठवलं.

पाच मिनिटांत नऊ जणांनी लाल बदाम पाठवले. "होतं ताई, वयाने." "जिवाला लावून घेऊ नका." "तुमचा मोठेपणा." हिकमेतबेंनी लिहिलं, "करार दोन वर्षांचा झालाय, पण कळवल्याबद्दल आभारी आहे." त्यानंतर चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी विचारलं की लिफ्टमध्ये सांडलेला बर्फ कोण पुसणार, आणि ग्रुप तिकडे वळला. सेलामीचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. बाईंनी तोच मजकूर त्याला वेगळा पाठवला. त्याने वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही. गुरुवार आला आणि गेला.

शुक्रवारी दुपारी नेर्मिन मसुराच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात उभी राहिली. आत आली, दिवाणावर बसली, पेरिहानबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश, पण मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागली. "ताई, गॅस बंद केलात का, ते मला रोज फोन करून सांगत जा हं. लाजायचं नाही. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं." मग खिडकीशी बसलेल्या रिफतबेंकडे वळली. "रिफतबे, तुम्हीच आता ह्यांच्यावर लक्ष ठेवा. कॉम्बीचा नळ रोज ह्याच उघडत होत्या म्हणे, आणि बोलणी खाल्ली त्या सेलामीने."

रिफतबेंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. नेर्मिन गेल्यावर ते उठून पेरिहानबाईंशेजारी येऊन बसले आणि त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

"विसरतेस होय तू?" ते म्हणाले. "काळजी करू नकोस. मी आहे ना."

पेरिहानबाईंनी मान हलवली.

"पण पेरिहान," ते थोड्या वेळाने म्हणाले, नाराजीने, मुकादमाच्या जुन्या आवाजात, "त्या पोराला उगाच बोल लावलास. चांगला कारागीर होता. असं करायला नको होतंस."

"हो," त्या म्हणाल्या. "नको होतं."